बोटीवरची खंडेनवमी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढं कुणी दबकत विचारायला नको. लिहिता-वाचता येतं, आणि मी काढलेला आकडा एक आहे की नऊ, असं आजवर कुणाला विचारावं लागलेलं नाही.

मांडवगणला आमची शेती. ती बघायला थोरला भाऊ पुरेसा होता, म्हणून मी पुण्याला हवेचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत शिपाई म्हणून लागलो आणि तिथंच म्हातारा झालो. शनिवारी दौंडची गाडी धरायची, दौंडवरून जीपनं गाव गाठायचं, सोमवारी पहाटे उलटा फेरा. गावात चेष्टा व्हायची.

“आप्पा, तुमच्या हापिसात काय पिकतं ओ?”

“हवा.”

“आन् तिचा बाजार कुठं भरतो? तळेगावात तर दिसली न्हाई.”

मी उत्तर देत नसे. ज्याला काम माहीत नाही त्याच्याशी काय बोलायचं.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मला एका मॅडमच्या खोलीवर दिलं होतं. मॅडम वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढ्या. त्यांचं काम उपग्रहाच्या फोटोंचं. उपग्रह वरून जाता जाता अरबी समुद्राचे फोटो काढतो, आणि त्या फोटोंवरून समुद्रावरच्या हवेत धूळ किती, धूर किती, मीठ किती, हे त्या काढत. मला सुरुवातीला ते थोतांड वाटलं. एकदा टेबल पुसताना मी म्हणालोही, “मॅडम, धूळ बघायला समुद्रापातूर कशाला? आमच्या शिरूरच्या रस्त्याला उभ्या ऱ्हावा. ट्रक गेला की मोजा.”

त्या हसल्या नाहीत. मला पडद्यासमोर उभं केलं.

“मामा, पांढऱ्या भिंतीवर खडूनं लिहिलं तर दिसेल?”

“न्हाई.”

“आणि फळ्यावर?”

“दिसंल की.”

“समुद्र म्हणजे फळा. वरून तो काळा दिसतो, म्हणून त्याच्यावरच्या हवेत जे तरंगतं ते उठून दिसतं. जमीन आधीच उजळ. तिथं धूळ ओळखता ओळखता डोळे जातात.”

पडद्यावर अरबस्तानाकडून निघालेला एक मळकट पट्टा होता, गिरणीच्या तोंडातून पीठ उडावं तसा. शेजारी एक लख्ख पांढरा भाग होता. मी म्हणालो, ही सगळ्यांत जास्त धूळ. त्या म्हणाल्या, ते पाण्यावर चमकणारं ऊन आहे, तेवढा फोटो फुकट. त्या दिवसापासून मी टेबल पुसताना पडदाही बघायला लागलो. महिन्याभरात ऊन कुठलं आणि धूळ कुठली हे मला न विचारता कळू लागलं.

पण वरून बघितलेलं खरं की खोटं, हे खालून तपासावं लागतं. त्यासाठी एक यंत्र होतं, साधारण विटेएवढं. हातात धरायचं, सूर्यावर रोखायचं आणि बटण दाबायचं. पुढं झाकण, झाकणाखाली काच आणि काचेमागं पाच डोळे. एकेक डोळा एकेकच रंग बघतो. सूर्याचा उजेड वाटेत किती अडला ते यंत्र सांगतं. धुळीचा कण जाड, तो सगळ्या रंगांना सारखाच अडवतो. धुराचा कण बारीक, तो निळ्याला जास्त अडवतो, तांबड्याला सोडून देतो. एवढं शास्त्र मला येतं. ह्याहून जास्त कळतं असं मी कधी म्हणालो नाही.

माझ्या रिटायरमेंटच्या आधीच्या दसऱ्याला मॅडम बोटीवर जाणार होत्या. बरोबर जाणारा सहायक ऐनवेळी आजारी पडला. मॅडमनी माझं नाव सांगितलं. मोठे साहेब म्हणाले, “मामा? बोटीवर?”

“मामांचा हात हलत नाही, सर.”

ते खरं होतं. संस्थेच्या गच्चीवर मी यंत्र धरलं की सूर्य त्या बारक्या खुणेच्या मधोमध बसे, तो हलत नसे. शिकलेल्या पोरांना ते जमत नव्हतं. मी बारा वर्षांचा असल्यापासून कुळवावर उभा राहिलेलो. खाली ढेकळं, पुढं बैल, आणि आपण पाय रोवून सरळ. बोटीत त्याहून वेगळं काही नाही.

बोट गोव्याहून निघाली. पहिले दोन दिवस आभाळ भरलेलं होतं, यंत्र पेटीतून काढलंच नाही. मॅडमना बोट लागली. त्या खोलीत पडून असत, काहीही खाल्लं की उलटी. तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ फाकलं. ती नवमी होती, खंडेनवमी.

आमच्यात खंडेनवमीला पूजा केल्याशिवाय हत्याराला हात लावत नाहीत. नांगर, कुळव, विळा, खुरपं, आता ट्रॅक्टर आणि पाण्याची मोटर, सगळं धुऊन पुसून हळद-कुंकू लावायचं, मग काम. संस्थेतही दरसाल होई, पण तिथं टेबलावर, पेटीला आणि टाइपरायटरला. इथं माझं हत्यार ते यंत्र होतं. आमच्या कारभारणीनं पिशवीत हळद-कुंकवाची पुडी घातलेली होती. खानसाम्याकडून नारळ मागून घेतला. यंत्र फळीवर ठेवलं. झाकणाला हळद लावणं मला पटेना. माणसाच्या टोपीला कुणी टिळा लावतं का? कपाळालाच लावतात. म्हणून झाकण उघडलं आणि काचेच्या वरच्या कडेला हळदीचं बोट टेकवलं. तेवढ्यात बोट कलली आणि माझं बोट काचेवर घसरलं. हळद ओली होती, नखाएवढी लागली असेल. टॉवेलाच्या कोरड्या शेवानं मी ती लगेच पुसली. उजेडात धरून बघितली. साफ होती. कुंकू मग यंत्राच्या अंगाला लावलं, नारळ फोडला आणि खोबरं मॅडमच्या दाराशी नेलं. त्यांनी डोळे न उघडताच नको म्हटलं.

साडेदहाच्या सुमाराला उपग्रह डोक्यावरून जायचा, तेव्हा पहिली नोंद घेतली. त्यानंतर रोज. एक उपग्रह सकाळचा, एक दुपारी दीडच्या आसपासचा, आणि मधेही दर अर्ध्या तासाला. वहीत वेळ, आभाळ कसं, वारा कुणीकडून, आणि शेवटी एक रकाना: काच पुसली का. तिथं मी रोज ‘पुसली’ लिहिलं. खंडेनवमीच्या रकान्यातही तेच लिहिलं. काचेवर पुढं मला कधी काही दिसलं नाही. बोट किनारा सोडून पश्चिमेला जात राहिली, आणि मॅडम पाचव्या दिवशी उठून बसल्या, तोवर माझी वही अर्धी भरली होती.

परत आल्यावर यंत्र तपासायला पाठवलं. ते ठणठणीत आहे असा निरोप आला. माघात मी रिटायर झालो. निरोपाच्या समारंभात मॅडमनी सगळ्यांसमोर माझी ती वही दाखवली आणि म्हणाल्या, नोंद अशी असते. मी मान हलवली.

वैशाखात मॅडम स्वतः गाडी चालवत मांडवगणला आल्या. लॅपटॉप घेऊन ओसरीवर बसल्या, ताक प्यायल्या. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. म्हणाल्या, “मामा, आपल्या हातात मोठी गोष्ट लागलीय.”

त्यांनी एक रेघ दाखवली. डावीकडं उंच, मग रोज थोडी थोडी उतरत आठव्या-नवव्या दिवशी खाली टेकलेली. ती निळ्या डोळ्याची रेघ होती. तांबड्या डोळ्याची रेघ जवळपास सपाट.

“निळा अडतोय, तांबडा नाही. म्हणजे काय?”

“धूर.”

“बरोबर. किनाऱ्याजवळ जास्त, आणि बोट लांब गेली तसा कमी. जमिनीवरचा धूर समुद्रात इतक्या आत जातोय. आणि उपग्रहाच्या फोटोत त्या आठ दिवसांत हवा स्वच्छ दिसतेय. म्हणजे उपग्रहाला तो दिसतच नाहीये.”

पुढच्या महिन्यात बाहेरच्या शास्त्रज्ञांची मोठी बैठक होती. तिथं त्या हे वाचणार होत्या. त्यावर त्यांचं पुढचं सगळं काम उभं राहणार होतं, तसं त्यांनी सांगितलं. मग वही पुढं केली.

“शेवटचं विचारून घेते. नोंदीच्या पहिल्या दिवशी काचेला काही लागलं होतं? पाण्याचा शिंतोडा, मीठ, काहीही?”

“न्हाई. काच साफ हुती. वहीत हाय.”

त्या निघून गेल्या. मी खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलं नाही. लागलं होतं ते पुसलं होतं. पुसल्यावर काच साफ. एवढा सरळ हिशोब माझ्या डोक्यात होता.

त्याच आठवड्यात पुतण्याचं लग्न होतं, मुलगी वडगाव रासाईची. हळदीच्या दिवशी कुणीतरी मागून येऊन माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर पंजा उमटवला. मी चिडलो. कारभारणीनं ओल्या फडक्यानं पुसलं तर डाग पसरला.

“साबण लाव.”

“साबणानं लाल व्हतोय. गप बसा. वल्ला करून उन्हात टाकते. ऊन हळदीला खातं. पाच-सहा दिसात दिसायचाबी न्हाई.”

सदरा दोरीवर पडला. दुसऱ्या दिवशी पंजा फिका झाला. तिसऱ्या दिवशी आणखी फिका. मी ओसरीवर बसून बघत होतो आणि मला मॅडमची रेघ दिसायला लागली. ती अशीच उतरत गेली होती. पिवळी गोष्ट निळा उजेड अडवते, हे मॅडमनीच एकदा रंगीत काचा धरून मला दाखवलं होतं. यंत्राचं झाकण दिवसातून वीस वेळा भर उन्हात उघडत होतं. आणि यंत्र तपासायला गेलं तोवर काचेवर काही उरलंच नसणार.

“दोन दिस झालं दोरीकडं बघताय,” कारभारीण म्हणाली. “सदरा पळून चाललाय का?”

मी सांगितलं. ती निवडत होती ती मेथी बाजूला ठेवून ऐकत राहिली.

“मग जाऊन सांगा की.”

“काय सांगू? मी पुसली हुती काच. वहीत लिवलंय.”

“सदराबी मी आधी पुसलाच हुता.”

मी म्हणालो, “बाईचं नाव व्हायचंय त्यात.”

“आन् उद्या दुसऱ्या कुणी खोटं काढलं, मग काय व्हईल त्या नावाचं? का तुमच्या वहीला डाग नको म्हणून तिनं भोगायचं?”

मी तिला उलटं बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. आणखी तीन दिवस मी गेलो नाही. मनाशी म्हणत होतो, सदऱ्यावर एवढासा जरी डाग उरला तर माझं अनुमान चूक, आणि मग कुणाला काही सांगायची गरज नाही. सहाव्या दिवशी सदरा पांढराशुभ्र झाला. तोच घालून मी सकाळची जीप धरली, दौंडला गाडीत बसलो.

मॅडम बैठकीचे कागद लावत होत्या. मी बसलो नाही.

“मॅडम, तो धूर न्हाई. हळद हाय.”

“काय?”

सगळं सांगितलं. मग त्यांनी पेन उचललं.

“कोणत्या बोटानं लावलीत?”

“करंगळीच्या शेजारच्या.”

“ओली?”

“पाण्यात कालवल्याली.”

“पुसली कशानं?”

“टॉवेलाच्या शेवानं. कोरड्या.”

त्यांनी प्रत्येक गोष्ट लिहून घेतली. मग पेन ठेवून म्हणाल्या, “मी घरी येऊन विचारलं होतं, मामा.”

“तवा वाटलं, काच साफ हाय.”

“वाटलं?”

मी खाली बघितलं. संस्थेत इतकी वर्षं काढली, पण कुणी असं एका शब्दात मला पकडलं नव्हतं.

“सात महिने मी ह्या धुरावर काढले,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही त्याला फोडणी घालून ठेवलेली.” आम्ही दोघंही हसलो नाही.

पण नुसत्या माझ्या बोलण्यावर त्या सात महिने टाकून देणार नव्हत्या. तशी दोन यंत्रं संस्थेत होती. दुसऱ्या दिवशी गच्चीवर दोन्ही मांडली. एकाच्या काचेला हळद लावायची, दुसऱ्याची कोरी ठेवायची, आणि रोज एकाच वेळी दोन्हींनी सूर्य बघायचा. हडपसरला पाहुण्याकडं मी मुक्काम टाकला.

“तुम्हीच लावा,” मॅडम म्हणाल्या. “तशीच. तितकीच.”

“पूजाबी करू?”

“केली होतीत ना? मग काही वगळू नका.”

मी केली. बोट टेकवलं, घसरवलं, टॉवेलानं पुसलं. मॅडमनी काच डोळ्याजवळ धरून बघितली. “दिसत तर नाही काही,” त्या म्हणाल्या. ते ऐकून मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

पहिल्या नोंदीत हळदीच्या यंत्रानं पुण्यावर कोऱ्या यंत्रापेक्षा कितीतरी जास्त धूर दाखवला, तोही नुसता निळ्या डोळ्याला. दुसऱ्या दिवशी थोडा कमी. वैशाखाचं ऊन होतं. नऊ दिवस आम्ही गच्चीवर होतो, बोलणं कामापुरतंच. नवव्या दिवशी दोन्ही यंत्रं सारखं बोलायला लागली. मॅडमनी दोन रेघा, बोटीवरची आणि गच्चीवरची, एकमेकींवर ठेवल्या. फार फरक नव्हता. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि जिना उतरून गेल्या. यंत्रं मी पुसून पेटीत ठेवली.

मोठ्या साहेबांच्या खोलीत विषय निघाला तेव्हा मी दाराशी उभा होतो. साहेब म्हणाले, “‘काच अस्वच्छ असल्यामुळं आठ दिवसांच्या नोंदी बाद’ एवढं लिहा आणि मिटवा. हळद-कुंकू, नारळ, हे नको. बाहेरचे लोक हसतील.”

“साहेब, अस्वच्छ न्हवती,” मी म्हणालो.

“मग काय होती?”

“हळद लागल्याली हुती. अस्वच्छ म्हंजी पुसली न्हाई. मी पुसली हुती.”

“मामा, एकच झालं ते.”

“एक न्हाई. अस्वच्छ लिवणार असाल तर माझी वही माघारी द्या.”

“वही संस्थेची आहे.”

“अक्षर माझं हाय.”

साहेबांनी मॅडमकडं बघितलं. मला वाटलं, आता ह्या बोलणार, मामा, तुम्ही बाहेर थांबा. त्यांना तो हक्क होता.

“सर, अस्वच्छ लिहिलं तर वाचणारा समजेल की मीठ साचलं,” त्या म्हणाल्या. “मीठ उन्हानं उडत नाही. ही चूक रोज कमी होत गेली, म्हणून ती खरी वाटली. पुढं कुणाला अशी उतरती रेघ दिसली तर त्याला काय शोधायचं ते कळलं पाहिजे. हळदच लिहावं लागेल.”

साहेब म्हणाले, हसले तर तुम्ही बघून घ्या.

लोक हसले, असं मॅडमनी नंतर फोनवर सांगितलं. बैठकीत त्यांनी धुराचं काही वाचलं नाही. बोटीवरची खंडेनवमी आणि गच्चीवरचे नऊ दिवस एवढंच वाचलं. हसून झाल्यावर तिघा-चौघांनी जागेवर येऊन कागद मागून घेतला. उपग्रहानं त्या आठ दिवसांत समुद्रावरची हवा स्वच्छ दाखवली होती, ती स्वच्छच होती, असं त्या कागदात शेवटी लिहिलं आहे. माझा उल्लेख ‘नोंद घेणारा’ असा आहे.

जमिनीवरचा धूर तितक्या आत जातो की नाही, ते त्या खेपेला ठरलंच नाही. पुढच्या वर्षी मॅडम पुन्हा बोटीवर गेल्या. बरोबर दुसरा माणूस होता. मला विचारलं असतं तर मी गेलो असतो. विचारलं नाही, आणि मीही फोन केला नाही.